तोट्यातली शाखा

काही शब्द प्रत्येक पिढीला निराळ्या चेहऱ्याने भेटतात. ‘विलीनीकरण’ हा त्यांपैकी एक. आमच्या आजोबांच्या पिढीने तो ऐकला संस्थानांच्या संदर्भात. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा त्या शब्दात कुणाला मुक्तीचा आनंद दिसला, तर कुणाला घरचा दिवा मालवल्याचे दुःख. आमच्या विद्यार्थ्यांनी हाच शब्द ऐकला तो एस.टी. कामगारांच्या तोंडून. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चाललेल्या त्या संपात, महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण व्हावे, हीच मुख्य मागणी होती. म्हणजे एका पिढीवर जो शब्द वरून आला, तोच दुसऱ्या पिढीने रस्त्यावर बसून मागितला. आणि आता २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र शासनाने कोकण रेल्वे महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास संमती दिली. ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे आणि राज्याने गुंतवलेले सुमारे ३९६ कोटी रुपये परत मिळावेत, या अटींवर.

शब्दाच्या पोटात शिरण्याची आम्हां मराठीच्या शिक्षकांना खोड असते. ‘ली’ या धातूचा अर्थ चिकटणे, विरघळणे, लय पावणे. ‘लीन’ आणि ‘तल्लीन’ त्याच घरचे. या क्रियेला एक दिशा असते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. मीठ पाण्यात विलीन होते. पाणी मिठात विलीन झाल्याचे कुणी म्हणत नाही. जो लहान त्याने विरघळायचे, हे त्या शब्दातच ठरलेले आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की विरघळल्यावर चव राहते की नाही.

हा प्रश्न आम्हांला आजच का पडावा, ते सांगणे भाग आहे. आम्ही दोघे गेली काही वर्षे एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या विभागाचे इतर तीन विभागांशी ‘एकत्रीकरण’ करावे, असा प्रस्ताव सध्या विचाराधीन आहे. कारण अर्थातच पटसंख्या. विशेष स्तराला बसणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी, कार्यभार अपुरा, आणि प्रस्तावातील शब्द नेमका असा, की ‘ही शाखा तोट्यात आहे’. ‘शाखा’ हा शब्द आम्ही याच अर्थाने पूर्वी एकदा ऐकला होता. तो रेल्वेच्या संदर्भात.

आमच्यापैकी एकाचे गाव पंढरपूरच्या बाजूचे, दुसऱ्याचे लातूरकडचे. दोघांनाही बाहेरच्या जगात जाण्याची वाट एकच होती : अडीच फुटी रुळांवरून कुर्डुवाडीपर्यंत आणि तिथून पुढे मोठ्या गाडीने. एम.ए.ला जाताना आमची पहिली ओळख झाली ती कुर्डुवाडीच्याच फलाटावर. एक गाडी पंढरपूरकडून आलेली, एक लातूरकडून. दोन्ही उशिरा, आणि दोघांचीही मोठी गाडी चुकलेली. त्या लाईनीला सगळे ‘बार्शी लाईट’ म्हणत. या नावातला ‘लाईट’ दिव्याचा नव्हे, हे कळायला आम्हांला बरीच वर्षे लागली. लहानपणी मात्र इंजिनाच्या कपाळावरच्या दिव्यावरूनच ते नाव पडले असावे, अशी आमची खात्री होती.

या लाईनीचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८८२ साली तो जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शी ही मोठी बाजारपेठ, पण मुख्य मार्ग तिला टाळून गेलेला. निजामाच्या मुलखातून येणारा माल बार्शीत उतरायचा आणि तिथून बैलगाड्यांनी स्टेशन गाठायचा. त्या स्टेशनाचे नावच ‘बार्शी रोड’, म्हणजे आजची कुर्डुवाडी. कॅलथ्रॉपला या सुमारे ३५ किलोमीटरच्या अंतरात एक सिद्धान्त दिसला. रूळ लहान, म्हणून गाडी कमकुवत, हे त्याला मान्य नव्हते. इंजिन असो की वाघीण, प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हे पथ्य पाळले तर यार्डाला अवघे ३० पौंड वजन असलेल्या रुळांवरूनही भरघोस माल वाहता येतो, असे त्याचे म्हणणे. भार कमी करायचा नाही, सारखा वाटायचा. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली बार्शीपर्यंत गाडी धावली. पुढे १९०६ साली पंढरपूर, १९११ साली लातूर आणि १९२७ साली मिरज, असे करीत लाईन सव्वातीनशे किलोमीटरपर्यंत लांबली. मिरज जोडली गेली त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला.

या सव्वातीनशे किलोमीटरांनी काय वाहिले? कापूस, तूर, सरकी, पेंड. आणि आषाढी-कार्तिकीला विठ्ठलाकडे निघालेली माणसे. वारीच्या दिवसांत डबे पुरत नसत, टपावर माणसे बसत. गाडीचा वेग असा, की त्याचे कुणाला फारसे भय वाटत नसे. आमच्या एका आजीने जन्मात दोनच प्रवास केले, दोन्ही याच गाडीने : एक सासरी येताना, दुसरा पंढरपूरला.

कॅलथ्रॉपने आणखी एक अशीच लाईन बांधली. तीही अडीच फुटी, पण इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरमध्ये, मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात. ‘लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे’ हे तिचे नाव. लांबी जेमतेम १३ किलोमीटर, १९०४ साली सुरू झालेली. दोन इंजिने होती, त्यांपैकी एकाला कॅलथ्रॉपचेच नाव दिलेले. बार्शीचा अनुभव गाठीशी असल्यामुळे त्याने इथे एक शक्कल काढली. खोऱ्यातले दूध मोठ्या मार्गावर नेताना माल उतरवा, पुन्हा चढवा, हा उपद्व्याप टळावा म्हणून मोठ्या रुळांची अख्खी वाघीणच लहान रुळांवरच्या वाहकगाडीवर चढवायची आणि तशीच पुढे न्यायची. लहानाने मोठ्याला खांद्यावर घेतल्याचे ते दृश्य असणार.

एका बापाच्या या दोन लेकी. दोघींनाही पुढे मोठ्या घरात जावे लागले. तिथून त्यांची नशिबे वेगळी झाली, आणि ती वेगळी का झाली, हेच आम्हांला शोधायचे आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश संसदेने १९२१ साली कायदा करून सव्वाशेच्या आसपास रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत एकवटल्या. १ जानेवारी १९२३ पासून ही रचना अमलात आली. मॅनिफोल्डची गाडी नॉर्थ स्टॅफर्डशायर रेल्वे चालवीत असे. ती ‘लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश’ या अवाढव्य कंपनीत गेली आणि तिच्यासोबत हे चिमुकले खोरेही. नॉर्थ स्टॅफर्डशायरच्या लेखी ही लाईन आपली होती. लंडनच्या लेखी ती एक नोंद होती. दूध मोटारींकडे वळले, उत्पन्न आटले, आणि १९३४ च्या मार्चमध्ये लाईन बंद झाली. रूळ उखडले गेले. १९३७ साली त्या जागी पायवाट खुली झाली. आजही लोक तिथे हौसेने चालायला जातात. विलीन झाल्यावर अवघ्या अकरा वर्षांत सारे आटोपले.

बार्शीचे तसे झाले नाही. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बेचाळीस निरनिराळ्या रेल्वे एकत्र करून विभाग पाडण्याचे काम सुरू झाले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी.आय.पी., निजाम स्टेट, सिंदिया स्टेट आणि धोलपूर स्टेट या रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली. बार्शी लाईट तेव्हा खाजगी कंपनीचीच होती. १९५४ च्या आरंभी सरकारने ती विकत घेतली आणि तीही मध्य रेल्वेत आली. इंजिने बदलली, वाफ जाऊन डिझेल आले, उतारू वाढले, माल मात्र ट्रककडे गेला. ही लाईन तोट्यात आहे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. तरी ती चालत राहिली. विलीन झाल्यावर अर्धशतक चालली.

इथे हिशेबाचा एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण सारी मेख त्यातच आहे. अशा लाईनीला इंग्रज अमलात ‘फीडर’ म्हणत. आपण ‘पोषक मार्ग’ म्हणू. बार्शीचा कापूस लहान गाडीने कुर्डुवाडीला येई तेव्हा त्याचे थोडे भाडे लहान कंपनीला मिळे. पण पुढचा मुंबईपर्यंतचा लांबचा प्रवास मोठ्या रेल्वेच्या वहीत जमा होई. दोन मालक वेगळे असतात तोवर लहान कंपनी आपल्या पोषणाची किंमत सांगू शकते. वाटाघाटी करू शकते. विलीनीकरणानंतर दोन्ही वह्या एकाच मालकाच्या होतात. तेव्हा खरे तर पोषणाचे मोल अधिक स्पष्ट दिसायला हवे. घडते उलटेच. मुख्य मार्गाचे उत्पन्न मुख्य मार्गाच्या नावावर राहते आणि शाखेच्या नावावर उरतो तो फक्त खर्च : फलाटाचा, सांधेवाल्याचा, फाटकावरच्या माणसाचा. मग कुणीतरी कागद पुढे करून म्हणतो, ही शाखा तोट्यात आहे. नदीचा हिशेब मांडताना ओढ्याच्या नावावर फक्त गाळ लिहावा, तसा हा प्रकार.

अमेरिकेत याच हिशेबाने मोठा विध्वंस घडवला. १९६८ साली पेन्सिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्क सेंट्रल या एकमेकींच्या जन्माच्या वैरिणी असलेल्या दोन कंपन्या विलीन होऊन ‘पेन सेंट्रल’ झाली. दोन दुबळ्यांच्या बेरजेतून एक बलवान होईल, ही अपेक्षा. १९७० च्या जूनमध्ये ती दिवाळखोरीत गेली. सरकारला हात घालावा लागला, १९७६ साली ‘कॉनरेल’ स्थापन झाली, आणि तिच्या आराखड्यातून हजारो मैलांच्या शाखा वगळल्या गेल्या. त्यांपैकी कित्येक उखडल्या गेल्या. पण काही तगल्या, त्या छोट्या स्थानिक कंपन्यांनी किंवा राज्यांनी हाती घेतल्या म्हणून. ज्या कागदावर त्या तोट्याच्या होत्या तो कागद मोठ्या घरचा होता. लहान घरच्या वहीत त्याच रुळांवर कुणाची गिरणी होती, कुणाचा दाणागोटा होता, कुणाचे पोट होते.

एवढ्यावरून ‘विलीनीकरण वाईट, वेगळे राहणे चांगले’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण आमच्याच राज्यात त्याला छेद देणारे उदाहरण आहे. विदर्भातली शकुंतला. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी, सुमारे १९० किलोमीटरची, तीही अडीच फुटी, वऱ्हाडच्या कापसासाठी बांधलेली. १९५१ च्या एकत्रीकरणातून ती बाहेर राहिली. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी या खाजगी कंपनीची आणि गाड्या चालवायच्या मध्य रेल्वेने, असा दुहेरी संसार. मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेले वाफेचे इंजिन तिथे सत्तर वर्षे राबले आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये निवृत्त झाले. अशा बातम्या वाचताना आपल्याला गंमत वाटते. पण सत्तर वर्षे इंजिन न बदलणे हे कौतुक की अनास्था? जो चालवतो त्याची मालकी नाही, म्हणून तो पैसा घालत नाही. ज्याची मालकी आहे तो चालवत नाही, म्हणून त्याला सुखदुःख नाही. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या, आणि गेल्या दहा वर्षांत दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. विलीन न झालेली शकुंतला ना धड माहेरची राहिली, ना सासरची.

उलट बार्शी लाईट विलीन झाली होती म्हणूनच तिच्या वाट्याला रुंद रूळ आले. १९९२ साली रेल्वेने देशभर एकच रूळमाप आणण्याचे धोरण स्वीकारले. त्यानुसार या शतकाच्या पहिल्या दशकात आणि त्यानंतर लगेच पंढरपूर, बार्शी, लातूर आणि शेवटी मिरज, असे सारे मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाले. जुन्या लाईनीने टाळलेले धाराशिव शहर नव्या मार्गाने कवेत घेतले. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये एक विलक्षण घटना घडली. लातूर तहानेने व्याकूळ झाले होते. तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीतून २५ लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. वर्तमानपत्रांनी या गाडीची छायाचित्रे छापली, पण मार्ग पाहून आमच्या अंगावर काटा आला. कॅलथ्रॉपच्या लाईनीची दोन टोके होती ती. कृष्णाकाठचे पाणी मांजरेच्या कोरड्या खोऱ्याकडे नेणारी ती वाट एका लहान कंपनीने, कापसासाठी, कितीतरी आधी आखून ठेवली होती. अडीच फुटी रूळ तेवढे पाणी वाहू शकले नसते, हे खरे. पण ती लहान वाट आधी नसती तर रुंद करायला तरी काय उरले असते?

म्हणजे तीन बहिणींच्या तीन गोष्टी. एक विलीन झाली आणि मेली. एक विलीन झाली नाही आणि कुजली. एक विलीन झाली, तिचे मूळ रूप गेले, पण वाट राहिली. यांतून आम्हांला जे दिसते ते असे : मालक लहान की मोठा, याने शाखेचे भवितव्य ठरत नाही. ते ठरते, त्या शाखेच्या वतीने बोलणारे माणूस मोठ्या घराच्या बैठकीत उरते की नाही, यावर. मॅनिफोल्डसाठी लंडनमध्ये कुणी उरले नव्हते. शकुंतलेसाठी बोलणारे गावागावांत होते, पण ऐकायचे कुणी, हेच ठरलेले नव्हते. बार्शी लाईनीसाठी पंढरपूर होते. आषाढीला लाखो माणसे जिथे लोटतात, तिथली लाईन उखडण्याचा प्रस्ताव मांडायला कोण धजावेल? भक्तीने एक लाईन वाचवली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण वारकऱ्यांची संख्या हा असा आकडा आहे, की तो कोणत्याही कारकुनाला तोट्याच्या रकान्यात बसवता येत नाही.

कोकण रेल्वेचा विचार आम्ही या उजेडात करतो. केंद्राचे ५१ टक्के आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ या चार राज्यांचे उरलेले भाग, अशी १९९० साली जन्मलेली ही कंपनी. ७४१ किलोमीटरचा मार्ग, जानेवारी १९९८ पासून पूर्ण सुरू. मालाने भरलेले ट्रकच गाडीवर चढवून नेण्याची सेवा तिने १९९९ साली सुरू केली. कॅलथ्रॉपची वाहकगाडी ज्याला माहीत आहे त्याला ती कल्पना पाहून गहिवरून येईल. लहान संस्थेला अडचण जवळून दिसते, म्हणून तिला युक्ती सुचते. पण त्याच संस्थेला दुहेरीकरणासाठी पैसा उभा करता आला नाही. रोहा ते वीर एवढ्याच टप्प्याचे दुहेरीकरण होऊ शकले. तेव्हा विलीनीकरणाची गरज नाकारण्यात अर्थ नाही. आमचे म्हणणे एवढेच, की नाव राखण्याची अट पुरेशी नाही. नाव ही सर्वांत स्वस्त अट आहे. मोठे घर ती आनंदाने मान्य करते. अट घालायची तर वहीची घालावी : या मार्गाचा हिशेब वेगळा दिसत राहील, त्याने मुख्य जाळ्याला काय दिले तेही त्यात लिहिले जाईल, लहान थांब्यांचे निर्णय त्या थांब्यांवर उतरणाऱ्यांना विचारून होतील, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांच्या नोकरीचा शब्द नव्या मालकावरही बंधनकारक राहील.

आणि आमच्या विभागाचे? तिथेही आम्ही नावासाठी भांडणार नाही, असे ठरवले आहे. फलकावर ‘मराठी विभाग’ लिहिले आहे की ‘भाषा व मानव्यविद्या’, याने मुलांचे फारसे बिघडत नाही. आम्ही प्राचार्यांपुढे जो कागद ठेवणार आहोत, त्यात विशेष स्तराची पटसंख्या आहेच. ती लपवण्याजोगी नाही. पण दुसराही एक रकाना आम्ही आखला आहे. इतिहासाच्या वर्गातली जी मुले मोडी वाचायला आमच्याकडे येतात ती. वाणिज्य शाखेतली जी मुले अर्ज लिहायला, मुलाखतीत बोलायला आमच्याकडे शिकतात ती. स्पर्धा परीक्षांच्या मराठीच्या पेपरासाठी संध्याकाळी थांबणारी ती. आणि वाड्यावस्त्यांवरून आलेली, पहिल्या वर्षी वर्गात तोंड न उघडणारी आणि आमच्याकडे पहिल्यांदा स्वतःच्या बोलीत चार ओळी लिहिणारी, आणि मग इतर विभागांत जाऊन नाव काढणारी ती. यांचे उत्पन्न आजवर मुख्य मार्गाच्या नावावर जमा होत आले. आमच्या नावावर उरला तो कार्यभार.

या कागदाने प्रस्ताव मागे घेतला जाईल, असा आमचा समज नाही. बहुधा एकत्रीकरण होईल. तसे झाले तर नव्या विभागाच्या बैठकीत, दोघांपैकी एकाला तरी, दर वेळी हा रकाना घेऊन बसावे लागेल, आणि वही उघडली की आधी तो वाचून दाखवावा लागेल. एवढे काम उरते. ते कंटाळवाणे आहे, त्याला कुणी टाळ्या वाजवणार नाही. पण कॅलथ्रॉपचा सिद्धान्तही काही वेगळा नव्हता : भार कमी करू नका, सगळ्या आसांवर सारखा पडेल एवढे पाहा, मग रूळ हलके असले तरी गाडी जाते.